वाचक विचारतात : संस्थेला नेमके काय द्यावे?

देणग्यांविषयीचे प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात म्हटले होते. पत्रे भरपूर आली. काहींत आपुलकी आहे, काहींत शंका, दोन-तीन पत्रांत चक्क राग आहे. मिरजेत रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना मोफत डबे पुरवणाऱ्या एका संस्थेची मी खजिनदार आहे. त्याआधी सगळी नोकरी बँकेत झाली. त्यामुळे उत्तरे देताना कीर्दवही समोर ठेवली आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

आमच्या नातवाच्या वाढदिवसाला आम्ही दरवर्षी एका वृद्धाश्रमात श्रीखंड-पुरीचे जेवण देतो. यंदा फोन केला, तर व्यवस्थापक म्हणाले, "त्या दिवसाचं जेवण आधीच ठरलंय. जमलं तर तेवढी रक्कम रात्रपाळीच्या मावशींच्या पगारासाठी द्या." आम्हाला फार लागले. आम्ही अन्नदान करायला निघालो होतो, पगार वाटायला नव्हे.
— निवृत्त शिक्षिका, विटा

बाई, तुम्हाला का लागले ते मी समजू शकते. नातवाच्या हाताने आजी-आजोबांच्या ताटात पुरी पडावी, त्याने ते चेहरे पाहावेत, ही इच्छा मोलाची आहे. पण त्या व्यवस्थापकांचे मला कौतुक वाटते. बहुतेक संस्था असे बोलायला धजत नाहीत. जेवण घेतात, आभाराचे पत्र पाठवतात आणि महिनाअखेरीला पगाराची तोंडमिळवणी करत बसतात.

वृद्धाश्रमात रात्री काय चालते ते सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. कुणाचा डायपर बदलायचा असतो, कुणी दिवस उजाडला समजून दाराशी जाऊन उभे राहते, कुणाची साखर उतरते. हे सगळे एका-दोन मावशी सांभाळतात. त्यांच्या पगारासाठी वाढदिवसाची देणगी येत नाही.

जेवणांचे म्हणाल, तर पितृपंधरवड्यात एकाच दिवशी चार घरची खीर येते. अक्षय्य तृतीया, पंधरा ऑगस्ट, गणपतीचे दिवस आधीच भरलेले असतात. जुलैच्या मधल्या एखाद्या मंगळवारी मात्र कुणाचा फोन येत नाही. शिवाय श्रीखंड-पुरी ज्यांच्या ताटात पडते, त्यातल्या अनेकांना मधुमेह असतो. त्यांना नाही म्हणणेही जड जाते, आणि खाल्ले तर रात्री मावशींची धावपळ.

आता आमच्या स्वयंपाकघरातले सांगते. पहाटे पाचला भात चढतो. तिथल्या मुख्य बाई जतकडच्या आहेत, शाळा चौथीपर्यंत. डबे भरले की त्या कडीला चिंध्या बांधतात. लाल चिंधी म्हणजे बिनमिठाचे जेवण, मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी. पिवळी म्हणजे मऊ, गिळायला सोपे. चिंधी नाही तो नातेवाइकाचा डबा. ही पद्धत त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना विचारून विचारून स्वतः बसवली. रोज सकाळी ऑटोतून डबे निघण्याआधी त्या एकेका कडीवर बोट ठेवून मोजतात, "लाल किती, पिवळं किती," आणि आकडा जुळल्याशिवाय ऑटोवाल्याला हलू देत नाहीत. एकदा त्यांच्या मुलाला डेंग्यू झाला आणि त्यांना रजा घ्यावी लागली. कोठीत तांदूळ होता, डाळ होती, एका दात्याने दिलेले तूपही होते. पण कुणाला काय चालते हे ठामपणे सांगणारे कुणी नव्हते, म्हणून लाल चिंधीचे डबे त्या आठवड्यात बंद ठेवावे लागले. तांदळाचा दाता मला एका फोनवर मिळतो. या बाईंच्या पगारासाठी मला दारोदार फिरावे लागते.

तेव्हा नातवाला घेऊन वाढदिवसाला जरूर जा. श्रीखंडाची रक्कम संस्थेच्या खात्यात भरा आणि पावतीवर "रात्रपाळी सेवकांचे मानधन" असे लिहून घ्या. मग त्या मावशींशी नातवाची ओळख करून द्या. रात्री त्या काय करतात हे त्यांच्याच तोंडून त्याला ऐकू दे.

संस्था जुनी, इमारत स्वतःची. सरकारी अनुदान मिळते असे ऐकतो, बँकेत मुदत ठेवीही असतात. तरी दरवर्षी देणगीचे पत्रक येतेच. स्वतःच्या पायावर उभे राहायला एखाद्या संस्थेला किती वर्षे लागतात?
— निवृत्त अभियंता, सातारा

तुमच्या पत्रातला प्रत्येक मुद्दा रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात गिऱ्हाईक वाढले की गल्ला भरतो. आमच्या डबे वाटायच्या खिडकीवर रांग वाढली की फक्त खर्च वाढतो. मिरजेच्या दवाखान्यांत जत, आटपाडी, कवठेमहांकाळचे रुग्ण येतात, तसे सीमेपलीकडून अथणी, रायबाग, चिकोडीचेही येतात. रुग्णाबरोबर घरचे एक माणूस राहते आणि त्याचा रोजगार त्या दिवसापासून बुडतो. औषधाच्या चिठ्ठ्या हातात असताना हे माणूस पहिली काटकसर स्वतःच्या जेवणात करते. "जेवलासा का?" विचारले तर "व्हय, जेवलो की," म्हणते आणि व्हरांड्यात पाणी पिऊन पडून राहते. आम्ही डब्याला थोडा जरी दर लावला, तरी ज्यांच्यासाठी खिडकी उघडली तेच आधी रांगेतून गळतील. कायमचे उभे राहण्याचा व्यवसायाचा मार्ग आम्हाला बंद आहे. तो तसा बंद असावा असेच माझे मत आहे.

अनुदानाचे. ते सगळ्यांना मिळत नाही, आमच्या संस्थेला नाही. ज्या बालगृहांना, वसतिगृहांना मिळते, त्यांना ते मंजूर संख्येवर आणि ठरलेल्या बाबींवर मिळते. मंजुरीपेक्षा दोन मुले जास्त असली तर त्यांची पोळी संस्थेच्या पदरची. शिवाय अनुदान वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. किराणा दुकानदार एक महिना थांबतो, दुसऱ्या महिन्यात यादी परत करतो. ते मधले महिने निभावतात ते तुमच्यासारख्यांच्या शे-पाचशे रुपयांवर.

कंपन्यांचा निधी हाही मोठा आधार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना, म्हणजे निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्यांना, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. चांगला कायदा आहे. पण माझ्या अनुभवात हा पैसा वस्तूंकडे ओढला जातो. वस्तूवर पाटी लावता येते, उद्घाटन करता येते, अहवालात छायाचित्र छापता येते. आम्हाला पोळ्यांचे यंत्र मिळाले, त्याने आमचे हात वाचले, आम्ही मनापासून ऋणी आहोत. ते चालवणाऱ्या मुलीचा पगार, विजेचे वाढलेले बिल आणि दुरुस्तीचा खर्च मात्र त्या प्रस्तावात बसला नाही.

मुदत ठेवींबद्दलही तुमच्या मनात शंका दिसते. धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातली ८५ टक्के रक्कम कामावर खर्च करावी, असा प्राप्तिकराचा नियम आहे. जास्त साठवायची तर कशासाठी ते लिहून द्यावे लागते आणि पाच वर्षांत खर्चावी लागते. ताळेबंदात दिसणारी मोठी ठेव बहुधा कायम निधीची असते. हा पैसा दात्याने "मुद्दल राखून ठेवा" असे लेखी सांगून दिलेला असतो. विश्वस्तांनी त्यातून पगार काढला तर तो दात्याचा विश्वासघात होईल. एक लाखाचा कायम निधी घ्या. सात टक्के व्याज धरले तरी वर्षाचे सात हजार, म्हणजे महिन्याला सहाशे रुपयेही नाहीत. व्याजदर एका टक्क्याने उतरला की त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी रुपये आणखी गेले. लोक ठेव बघतात, मी व्याज बघते.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून तुमच्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे देते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपण सगळे शाळेत शिकलो. ऐकताना डोळे भरून येतात. मला त्यात दिसते ते एवढे, की ते सोने इमारतीत गेले नाही. ते मुलांच्या त्या दिवसाच्या जेवणात गेले, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा भूक लागणारच होती. म्हणून तर घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची पद्धत लागली. एका बाईने सर्वस्व देणे हा थोर त्याग आहे, पण संस्था त्यावर किती दिवस चालेल? ती चालली गावोगावच्या मुठीवर.

दुसरे उदाहरण सामाजिक कृतज्ञता निधीचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर नाटकाचे प्रयोग करून हा निधी उभा केला. त्यातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे ठरले. शिबिर किंवा सभागृह बाजूला ठेवून थेट माणसाच्या महिन्याच्या खर्चासाठी पैसा उभा करणे ही फार दूरदृष्टी होती. सामाजिक काम करणाऱ्यालाही घरभाडे असते, मुलांची फी असते, हे त्यांनी उघड मान्य केले. आपल्याकडे आजही कुणी विचारते, "तुम्ही समाजसेवा करता ना, मग पगार कसला?" तेव्हा मी हे उदाहरण देते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आमच्यासारख्या संस्थेचे पाय म्हणजे दरवर्षी पत्रक वाचून पुन्हा देणारी माणसे. ती असतील तोवर आम्ही उभे.

एका संस्थेला ५,००० रुपये रोख दिले. पावतीवर ८०-जीचा क्रमांक आहे. करात सूट मिळेल ना?
— बेदाणा व्यापारी, तासगाव

नाही मिळणार. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती देणगी वजावटीला धरत नाहीत. पुढच्या वेळी धनादेश द्या किंवा खात्यावर पाठवा आणि पॅन क्रमांक कळवा. संस्था तुमच्या नावे देणगीचे विवरण भरून प्रमाणपत्र देते. बहुतेक स्थानिक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही तुमच्या उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळीच नाही. हे कळल्यावर काही जण हात आखडता घेतात. तुम्ही तसे करू नका.

२०१९ च्या पुरात आमच्या मंडळाने सांगलीला टेम्पो भरून कपडे पाठवले. नंतर कळले की त्यातले बरेच पडून राहिले. पुन्हा वेळ आली तर काय पाठवावे?
— मंडळाचे कार्यकर्ते, फलटण

तुम्ही धावून आलात हे सांगली विसरलेली नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. आपले काय वाहून गेले हे सांगायच्या मनःस्थितीतही माणसे नव्हती, त्यामुळे ज्याला जे सुचले ते त्याने पाठवले, आणि कपडे सगळ्यांनाच सुचले. साड्या, शर्ट, लहान मुलांचे फ्रॉक, सगळे एकाच गाठोड्यात. ते निवडायला माणसे नव्हती, ठेवायला कोरडी जागा नव्हती. पावसात ओली झालेली गाठोडी कुजली.

पाणी उतरल्यावर पहिली गरज होती खराटे, फावडी, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि पिण्याच्या पाण्याची. घरात गाळ साचलेला, गाद्या भिजून दगडासारख्या जड झालेल्या, त्या दोघांना उचलायच्या नाहीत. मग शेगडी दुरुस्ती, वायरिंगची तपासणी, मुलांची दप्तरे-पुस्तके. आणि त्यानंतर, जेव्हा टेम्पो यायचे थांबले, तेव्हा एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरभाड्याचा, औषधांचा, रेशनकार्डाच्या दुसऱ्या प्रतीचा प्रश्न. कुठल्या गल्लीत अशी कोणती आजी राहते हे जिथल्या तिथे काम करणाऱ्या छोट्या संस्थांनाच ठाऊक होते. पाणी ओसरते तसे दातेही ओसरतात, आणि खरे काम तेव्हा सुरू होते.

म्हणून आतापासूनच सांगलीतल्या किंवा पलूस-वाळव्यातल्या एखाद्या संस्थेशी ओळख ठेवा. पूर आला की टेम्पो भरण्याआधी त्यांना फोन करा. जमलेल्या पैशांतला निम्मा लगेच द्या आणि निम्मा दोन महिने राखून ठेवा. मंडळात यावरून वाद होतील, लोकांना लगेच काहीतरी पाठवायचे असते. तुम्ही तरी ठाम राहा.

भावाचे मोठे ऑपरेशन सांगितले आहे. खर्च झेपणारा नाही. कोणत्या संस्थेकडे मदत मागू?
— शेतकरी, कवठेमहांकाळ

दादा, संस्थांकडे जाण्याआधी तुमच्या हक्काचे आहे ते मागून घ्या. दवाखाना धर्मादाय न्यासाखाली नोंदलेला असेल, तर कायद्याप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी दवाखान्याला बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. दाखल करतानाच वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का तेही त्याच दिवशी विचारा, त्या योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यातच बसतात. दाद लागली नाही तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. एवढे करूनही उरेल त्या खर्चासाठी संस्थांकडे या, संकोच करू नका. हक्काचा पैसा आधी मिळाला तर देणगीचा पैसा ज्याला कुठलाच दाखला काढता येत नाही त्याच्या कामी येतो. तुमच्या भावाला लवकर बरे वाटो. तुमचा पत्ता संपादकांकडून घेऊन मी वेगळे पत्र टाकले आहे.

संस्था खरी की नुसती पावतीपुस्तके छापणारी, हे आम्ही सामान्य माणसांनी कसे ओळखायचे?
— गृहिणी, पलूस

नोंदणी क्रमांक विचारा. न्यासाचा क्रमांक बहुधा "ई" किंवा "एफ" अक्षराने सुरू होतो, आणि तो धर्मादाय कार्यालयात पडताळता येतो. लेखापरीक्षकाची सही असलेले मागच्या वर्षाचे हिशेब मागा. परिशिष्ट ८ मध्ये ताळेबंद असतो, परिशिष्ट ९ मध्ये उत्पन्न आणि खर्च. ते दाखवायला जी संस्था टाळाटाळ करते तिला पैसे देऊ नका, मग तिच्या कार्यक्रमाला कितीही मोठा पाहुणा येवो.

पण ताई, कागद चोख असलेल्या संस्थाही आतून पोकळ असू शकतात. म्हणून न कळवता जा. दुपारी चारला जा, जेव्हा काही कार्यक्रम नसतो. चपलांच्या जागेवर, संडासात, स्वयंपाकाच्या ओट्यावर नजर टाका. कामाला असलेल्या माणसांना विचारा, किती वर्षे आहात. माणसे टिकलेली असतील तर बहुतेक सगळे ठीक असते. आणि एक विनंती : पगारावर खर्च जास्त दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. सेवेच्या कामात सेवा करणाऱ्याचा पगार हाच मुख्य खर्च असणार. विश्वस्तांच्या गाडीचा, प्रवासाचा, जाहिरातीचा आकडा मोठा असेल, तर जरूर विचारा.

मी कॉलेजात आहे. पैसे नाहीत, पण वेळ आहे. माझा काही उपयोग होईल का?
— विद्यार्थिनी, कुपवाड

नक्कीच होईल, आठवड्यातला एकच वार ठरवून तो चुकवला नाहीस तर. परीक्षा असेल तर आधी सांग, आम्ही सोय करू. एकदा उत्साहाने येऊन महिनाभर न दिसणाऱ्यांच्या भरवशावर डबे ठरवता येत नाहीत. डबे भरायला हात लागतातच, पण त्याहून जास्त अडते ते पावत्या संगणकावर चढवायला, दात्यांना वर्षअखेरीची प्रमाणपत्रे पाठवायला आणि नातेवाइकांचे अर्ज भरून द्यायला. तुझ्या घरी किंवा शेजारी कन्नड बोलत असतील आणि तुला ते येत असेल, तर पहिल्या भेटीतच सांग. अथणी-रायबागची माणसे संध्याकाळी सहा ते आठ या वेळात खिडकीवर येतात, आणि डॉक्टरांनी काय खायला सांगितलेय हे त्यांच्याकडून नीट समजून घेणारे त्या वेळी आमच्याकडे कुणीही नसते.